बडोद्याहून अपडाउन: पहिल्या पासापासून परतीच्या गाडीपर्यंत

बडोद्यात कुणाला आणंदला, भरूचला किंवा अहमदाबादला नोकरी लागली की पेढ्यांच्या पाठोपाठ प्रश्न येतो, "मग, अपडाउन करणार की तिकडेच राहणार?" आईवडील इथे, मुलांची शाळा इथे, रावपुऱ्यातलं किंवा मांजलपूरचं घर स्वतःचं. त्यामुळे बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. मात्र अपडाउन म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं हे सांगणारं कुणी भेटत नाही. दोन महिन्यांत माणूस थकतो आणि दोष गाडीला देतो.

इतकी वर्षं हे केल्यावर आणि करणाऱ्यांना पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. रोजची गाडी रोज मिळते म्हणून अपडाउन टिकत नाही. गाडी चुकली तर काय करायचं हे ज्याचं आधीच ठरलेलं असतं आणि डब्यात ज्याला ओळखणारी चार माणसं असतात, त्याचंच टिकतं. खालचं सगळं या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी हिशेब, मग होकार

रेल्वेने आणंद साधारण ३५ किलोमीटर, भरूच ७०, अहमदाबाद १००, सुरत १३०. लोक एवढाच आकडा बघतात आणि गाडीचा वेळ त्यात बसवतात. मोजायचं असतं ते घराच्या दारापासून कामाच्या टेबलापर्यंत: घरून स्टेशन, गाडी ठेवायला लागणारा वेळ, पूल चढून फलाट, गाडीची वाट, प्रवास, उतरल्यावर गर्दीतून बाहेर पडणं आणि पुढचं वाहन. होकार देण्याआधी हा पूर्ण प्रवास एकदा करून बघा, आणि तो सोमवारी करा. शनिवार-रविवारी घरी आलेले सगळे सोमवारी सकाळी परत निघतात, त्यामुळे त्या दिवशीची गर्दी हीच खरी परीक्षा.

उतरल्यानंतरचा भाग गावागणिक बदलतो. आणंदला स्टेशनाच्या आसपास काम असेल तर प्रश्नच नाही, वल्लभ विद्यानगरला रिक्षा करावी लागते. अंकलेश्वरची औद्योगिक वसाहत स्टेशनापासून लांब आहे. कंपनीची गाडी स्टेशनवर येते का, शिफ्टच्या कुठल्या वेळेला येते, हे मुलाखतीच्या वेळीच विचारा. अहमदाबादचं काम शहराच्या दक्षिण भागात असेल तर कालुपूरपर्यंत, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्टेशनपर्यंत, जाऊ नका, मणिनगरला उतरा. तिथे न थांबणाऱ्या गाड्याही आहेत, तेवढं तपासून घ्या. काम पश्चिमेला असेल तर कालुपूर स्टेशनपासून मेट्रो मिळते. २०२२ मध्ये ही मार्गिका थलतेजपर्यंत सुरू झाल्यापासून साबरमतीपलीकडे काम करणाऱ्या बडोदेकरांचा बराच वेळ वाचला.

एका बाजूचा सगळा वेळ अडीच तासांच्या वर जात असेल तर रोजचं अपडाउन करू नये, असं मी स्पष्ट सांगेन. आठवड्यातून दोन-तीन दिवस ठीक. रोज पाच तास प्रवासात घालवणारा माणूस घरी असून नसल्यासारखा होतो, आणि ज्या घरासाठी हे सगळं केलं त्यालाच तो मिळत नाही.

हा हिशेब घरच्यांबरोबर बसून करा. पहाटे पाचला उठणारा एकटाच उठत नाही. डबा कोण करणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, तुमची परतीची गाडी उशिरा आली तर म्हाताऱ्या माणसांची औषधं कोण बघणार, हे पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं. भाजी रात्री चिरून ठेवायची, कणीक मळून ठेवायची, आणि डबा शक्यतो जाणाऱ्यानेच भरायचा. बायको पहाटे साडेचारला उठते म्हणून नवऱ्याचं अपडाउन चाललं आहे, असं मी फार घरांत पाहिलं आहे. ते बरोबर नाही.

चढायचं कुठून

सगळ्यांना सयाजीगंजचं मोठं स्टेशनच डोळ्यांसमोर येतं. भरूचच्या दिशेला मेमूने, म्हणजे जवळच्या अंतराच्या विजेवरच्या लोकल गाडीने, जाणार असाल आणि राहायला मांजलपूर-मकरपुऱ्याकडे असाल तर विश्वामित्री किंवा मकरपुरा स्टेशन बघा. गोध्रा-रतलामच्या दिशेला जाणाऱ्यांनी छायापुरी लक्षात ठेवावं. अहमदाबादहून रतलामकडे जाणाऱ्या काही गाड्या बडोदा स्टेशनात न येता तिथूनच वळतात, म्हणजे इंजिन दुसऱ्या टोकाला लावण्याचा वेळ वाचतो. निजामपुरा, समा या भागांना ते जवळही पडतं.

मोठ्या स्टेशनला जायचं तर अलकापुरीची बाजू की सयाजीगंजची, हे एकदाच ठरवून टाका. दुचाकी ज्या बाजूला ठेवाल त्याच बाजूला परत यायचं असतं. पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या रस्त्यात, पाणी भरतं आणि एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाणं अवघड होऊन बसतं. पार्किंगचाही मासिक पास काढा. सकाळी सुट्ट्या पैशांसाठी थांबण्यात गाडी गेलेली मी पाहिली आहे.

एक नाही, तीन गाड्या

अपडाउनचं खरं काम हे आहे. कागदावर तीन गाड्या लिहा: नेहमीची, तिच्या आधीची आणि तिच्या नंतरची. परतीच्याही तीन. प्रत्येकीपुढे लिहा ती कुठून निघते, तुमच्या गावी थांबते का, आठवड्याचे सातही दिवस धावते का, आणि तिच्यात पास चालतो का.

यात सगळ्यात मोलाचा रकाना "कुठून निघते" हा. बडोद्याहून सुटणारी किंवा वलसाड-सुरतेकडून येणारी गाडी सहसा वेळेवर असते. गुजरात क्वीन पासवाल्यांना एवढी प्रिय आहे ती याचसाठी: सकाळी दक्षिण गुजरातेतून अहमदाबादकडे जाते, संध्याकाळी परत फिरते. हजार-दीड हजार किलोमीटर पलीकडून येणारी गाडी वेळापत्रकात कितीही सोयीची दिसली तरी तिच्यावर रोजची हजेरी टांगू नका. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की रतलामकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, आणि त्यांच्यावर विसंबून भरूच-सुरतेला जाणारे बडोद्याच्या फलाटावर अडकून बसतात. अशी गाडी वेळेवर आली तर चढा, पण ती तुमची तिसरी गाडी असू द्या.

संध्याकाळी अहमदाबादकरांची बाजू जास्त बरी असते. मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथूनच सुटतात, म्हणून वेळेवर निघतात आणि रिकामी गाडी फलाटावर आधी लागते. वीस मिनिटं आधी पोहोचलात तर बसायला मिळतं. आणंद आणि नडियादहून परतणाऱ्यांचं मात्र उलट आहे. त्यांच्यापर्यंत गाडी येते तेव्हा ती भरलेलीच असते, त्यामुळे त्यांनी मेमूवर भर द्यावा. मेमू प्रत्येक स्टेशनवर थांबते, वेळ जास्त घेते, पण दर थांब्याला माणसं उतरत राहतात. कालुपूर स्टेशनच्या पुनर्विकासाच्या कामामुळे काही गाड्यांची सुटण्याची स्टेशनं बदलली आहेत. तुमच्या तिन्ही गाड्या नेमक्या कुठून सुटतात ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर बघून घ्या. घरातून निघायच्या आधी गाडी आत्ता कुठे आहे हे त्याच ॲपवर बघायची सवय लावा.

तिन्ही गाड्या गेल्या तर रस्ता. अमितनगर सर्कलवरून अहमदाबादकडे जाणारी वाहनं आणि एसटी मिळते, द्रुतगती मार्गाने अहमदाबादच्या सीटीएम भागापर्यंत जाता येतं. याला पैसे जास्त पडतात, म्हणून पाकिटात पाचशेची एक नोट वेगळी घडी करून ठेवावी आणि तिला एरवी हात लावू नये. ऑफिसमध्येही पहिल्याच महिन्यात सांगून ठेवा: अमुक वाजेपर्यंत मी बडोद्यातच असलो तर फोन करीन. आधी कळवणाऱ्याचा उशीर लोक समजून घेतात.

पास

मासिक किंवा त्रैमासिक पास जास्तीत जास्त १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. म्हणजे बडोद्याहून सुरत बसतं, वलसाड बसत नाही. त्रैमासिक पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, तेव्हा फायदा आहेच. तरीही पहिले दोन महिने मासिकच काढा. पासाचे पैसे परत मिळत नाहीत, आणि नोकरी, शिफ्ट किंवा तुमचा विचार याच काळात बदलू शकतो. मुदत संपण्याच्या १० दिवस आधीपासून नूतनीकरण करता येतं. एक तारखेला खिडकीवर रांग असते, म्हणून नूतनीकरणाचा दिवस महिन्याच्या मध्यावर येईल असा पास सुरू करा. रेल्वेच्या रेलवन ॲपवर पास काढला तर रांगच नको, पण मग फोन चार्ज असलाच पाहिजे. टीसीसमोर फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट ठरता: भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. पासावर ज्या ओळखपत्राचा नंबर आहे ते मूळ ओळखपत्रही जवळ हवं.

कुठल्या गाडीत पास चालतो हे गाडीच्या क्रमांकावरून बरंचसं कळतं. १२, २० किंवा २२ ने सुरू होणारी बहुधा सुपरफास्ट. तिच्यासाठी पासावर वेगळा अधिभार भरावा लागतो. १९ ने सुरू होणाऱ्या एक्स्प्रेसला आणि ६ ने सुरू होणाऱ्या मेमूला तो नाही. वंदे भारत आणि शताब्दीत पास चालत नाही. इतर गाड्यांच्या आरक्षित डब्यांतही नाही, अपवाद पासवाल्यांना मुभा दिलेल्या ठरावीक डब्यांचा, आणि तसं डब्यावर लिहिलेलं असतं. "सगळेच बसतात" हे टीसीपुढे चालत नाही. पास ज्या दोन स्टेशनांमधला आहे त्यांच्या मधल्या कुठल्याही स्टेशनला चढता-उतरता येतं. अहमदाबादच्या पासावर आणंदला मावशीकडे उतरायला वेगळं तिकीट लागत नाही.

शिकणाऱ्या मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत, घर ते शाळा-कॉलेज, दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत मिळतो. कॉलेजच्या ऑफिसातून त्याचा दाखला घ्यावा लागतो. विद्यानगरला जाणाऱ्या कित्येक मुलींच्या घरी हे माहीतच नसतं.

फलाटावर आणि दारात

जनरल डबे बहुतेक गाड्यांना पुढे आणि मागे टोकाला असतात, आणि पुलाचा जिना उतरतो मधोमध. गाडी आल्यावर पळायला लागू नये म्हणून दहा मिनिटं आधी त्या टोकाला जाऊन उभे राहा. पुढचा डबा की मागचा, हे उतरायच्या स्टेशनवर बाहेर जायचा रस्ता कुठे आहे त्यावरून ठरवा.

बडोद्याचं एक वैशिष्ट्य नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. सकाळी सुरत-भरूचकडून येणारी गाडी तुडुंब दिसते, पण तिच्यातली बरीच माणसं इथेच उतरणारी असतात. बडोद्यात कामाला येणाऱ्यांचं ते अपडाउन. म्हणून गाडी थांबल्याबरोबर दारात घुसू नका. दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहा आणि त्यांना उतरू द्या. उतरणारा प्रत्येक माणूस आत एक जागा मोकळी करून जातो. सगळे घुसायला लागले की उतरणाऱ्यांनाच अडवतात, आणि दोन्हीकडचा वेळ जातो.

पाठीवरची सॅक पुढे छातीवर घ्या. फोन पँटच्या मागच्या खिशात नको, शर्टाच्या वरच्या खिशातही नको. चढताना एक हात कायम दांडीवर. गाडी हलली असेल तर चढू नका, तुमची दुसरी गाडी याचसाठी लिहून ठेवली आहे. रूळ ओलांडून फलाट गाठणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की जुळ्या मार्गावर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही.

दारात उभं राहण्याबद्दल मी कडक आहे. वासदच्या अलीकडे महीचा पूल येतो तेव्हा हवा चांगली लागते, नदीही सुंदर दिसते, पोरं पायरीवर उतरतात. पुलाचे लोखंडी खांब अगदी जवळून जातात. आपल्या डब्यात कुणी मुलगा लटकत असेल तर त्याला आत घ्या, त्याला राग आला तरी. आणि आपल्या सोयीच्या जागी गाडी थांबावी म्हणून चेन ओढणारे कुणी असतील तर त्यांना तिथल्या तिथे टोकायला हवं. मागच्या गाड्यांमधल्या हजारो माणसांचा वेळ त्यात जातो. कलम १४१ खाली त्याला एक वर्षापर्यंतची कैदही आहे.

जागा आणि माणसं

आत शिरल्यावर पहिलं वाक्य शिकायचं ते गुजरातीतलं: "क्यां उतरवानुं?" बसलेल्या प्रत्येकाला हळू आवाजात हे विचारत गेलं की दोन-तीन मिनिटांत कळतं, कोण आणंदला उतरणार, कोण नडियादला. मग त्याच्याजवळ उभं राहायचं. दुसरं वाक्य: "जरा खसो ने," म्हणजे जरा सरका ना. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा द्यायची हा इथला रिवाज आहे, आणि हसून विचारलं तर नकार क्वचित मिळतो.

रोज दिसणाऱ्या माणसांशी पहिल्याच आठवड्यात नावानिशी ओळख करून घ्या. नियमित मंडळींमध्ये जागेची वाटणी असते: बडोदा ते आणंद एकाने बसायचं, पुढे दुसऱ्याने. गुडघे दुखणाऱ्या काकांना आणि दिवस गेलेल्या बाईला पूर्ण प्रवास जागा. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी ते पाळलं जातं. ओळखीचा फायदा केवळ बसण्यापुरता नाही. तुमची गाडी रद्द झाल्याचं सगळ्यात आधी या लोकांच्या ग्रुपवर कळतं. तुम्हाला चक्कर आली तर घरी फोन तेच करतात. एखाद्याच्या मुलाला नोकरी, एखाद्याच्या आईला चांगला डॉक्टर, हेही तिथेच मिळतं. बडोद्यात तीन पिढ्या राहून जी गुजराती घरं आपल्याला माहीत नव्हती ती या डब्यात माहीत होतात.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे: रुमाल टाकून सहा-सहा जागा अडवणं. जनरलच्या तिकिटावर लांबून आलेला प्रवासी, बरोबर लहान मूल, आणि समोर रिकाम्या बाकावर कुणाचा तरी रुमाल. पासवाल्याचा हक्क त्या प्रवाशापेक्षा जास्त नाही. तुमचा ग्रुप असं करत असेल तर ग्रुपमध्ये बोला. पत्ते खेळा, भजन म्हणा, मोबाइलचा आवाज बंद ठेवा, पण उभ्या माणसाची जागा अडवू नका.

बायकांना माझा सल्ला असा की महिलांचा डबा कुठे येतो हे तिन्ही गाड्यांसाठी आधी माहीत करून घ्यावं. तिथे पुरुष चढला तर तो कलम १६२ खाली गुन्हा आहे. रेल्वेच्या मदत क्रमांकाला, १३९ ला, फोन करा, डब्याचा क्रमांक सांगा. संध्याकाळच्या उशिराच्या गाडीत रिकामा डबा निवडू नये, गर्दीचा बरा. आणि स्टेशनबाहेरची रिक्षा शक्यतो दोघी-तिघींनी मिळून करावी.

पोट, पाठ, झोप

गाडीत खायचं ते कोरडं आणि वास न पसरवणारं: दशमी, थेपला, गूळपोळी, भाजलेले शेंगदाणे. भरूचची खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, परतीच्या प्रवासासाठी उत्तम. पाणी कमी प्यायची सवय अनेकांना, विशेषतः बायकांना लागते, कारण गर्दीत डब्यातल्या शौचालयापर्यंत पोहोचता येत नाही. लघवीचे त्रास तिथून सुरू होतात. स्टेशनवर आणि ऑफिसात पोहोचल्यावर भरपूर पाणी प्या, प्रवासाच्या आधीचा अर्धा तास फक्त घोट-घोट.

उभं राहताना वजन आलटून पालटून दोन्ही पायांवर घ्या, टाचा उचलून पोटऱ्या हलवत राहा. सपाट चामड्याचे बूट ऑफिसात ठेवा आणि प्रवासाला नरम तळव्याचे घाला. झोप रात्रीचीच खरी. गाडीतली डुलकी तिची जागा घेत नाही, म्हणून पाचला उठणाऱ्याने दहाला दिवा बंद करायलाच हवा.

पावसाळा

जुन्या शहरात राहणाऱ्यांसाठी हा भाग वेगळा लिहायला हवा. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी हे सगळं विश्वामित्री नदीच्या पूर्वेला, आणि स्टेशन पश्चिमेला. आजवा धरणातून पाणी सोडलं की काही तासांनी नदी चढते. काळा घोडा पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांत शहराचे दोन्ही भाग तुटले, गाड्याही रद्द झाल्या. पाणी वीस फुटांपुढे चढत असल्याची बातमी असेल तर सकाळी निघू नका. संध्याकाळी नदीच्या पलीकडे अडकाल. कामाच्या गावी असाल तर तिथेच राहायची सोय हवी. एखादा सहकारी, नातेवाईक, किंवा त्या गावातलं मराठी मंडळींचं घर, ज्याच्याशी जूनमध्येच बोलून ठेवलेलं असेल. बॅगेत जून ते सप्टेंबर एक कपड्यांचा जोड आणि रोजच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

थांबायचं कधी

दर सहा महिन्यांनी घरच्यांबरोबर पुन्हा हिशेबाला बसा. रविवारी दिवसभर झोपच लागत असेल, मुलांच्या अभ्यासाचं काही माहीतच नसेल, किंवा पाठीचं दुखणं औषधानेही जात नसेल, तर रोजचं अपडाउन बदलायची वेळ झाली आहे. एकदम घर हलवायची गरज नाही. अहमदाबादला मणिनगरच्या बाजूला दोघा-तिघांनी मिळून एक खोली घ्यायची, मंगळवार आणि गुरुवारची रात्र तिथे काढायची, बाकी दिवस बडोद्याला यायचं. मासिक पास तसाच चालू ठेवता येतो. आणि अशा खोलीसाठी जोडीदार शोधायचे तर ते तुमच्या नेहमीच्या डब्यातच बसलेले असतात.